टॉम ब्रॅडली : शहर, सनद आणि पोलीस

टॉम ब्रॅडली १ जुलै १९७३ रोजी लॉस एंजेलिसचे महापौर झाले आणि वीस वर्षांनी, १ जुलै १९९३ रोजी, पदावरून उतरले. या पदाच्या लागोपाठ पाच निवडणुका त्यांनी जिंकल्या. त्या शहरात एवढा काळ महापौरपद कोणीही भूषवलेलं नाही. तो विक्रम मोडण्याची वाटही आता बंद आहे, कारण ते निवृत्त झाले त्याच वर्षी मतदारांनी महापौराला दोनच कार्यकाळांची मर्यादा घालून दिली. टेक्सासमधल्या कापसाच्या मळ्यावर वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबातला हा मुलगा, गुलामाचा नातू. ज्या शहराने त्याला निवडून दिलं तिथे कृष्णवर्णीयांची वस्ती जेमतेम अठरा टक्के होती. एवढ्या एका गोष्टीसाठीही हे चरित्र वाचायला हवं.

मला मात्र या चरित्रात सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं ते दुसऱ्याच एका धाग्याने. महापौर होण्याच्या कितीतरी आधी ब्रॅडली एकवीस वर्षं लॉस एंजेलिसच्या पोलीसदलात होते. तिथून बाहेर पडल्यावर, आधी नगरसेवक आणि मग महापौर म्हणून, त्याच दलाला लोकनियुक्त सत्तेच्या कह्यात आणण्यासाठी त्यांनी तीस वर्षं धडपड केली. बंदर, विमानतळ, ऑलिंपिक, गगनचुंबी इमारती या साऱ्या गोष्टी त्यांना साधल्या. पोलीस साधले नाहीत. आणि कारकीर्द संपायला सव्वा वर्ष उरलं असताना शहर पेटलं ते पोलिसांच्याच प्रकरणावरून. हे असं का झालं, हा प्रश्न मनात ठेवून पुढची पानं वाचावीत असं मला वाटतं.

त्यासाठी आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मुंबई आणि लॉस एंजेलिस १९७२ पासून भगिनी शहरं आहेत. दोन्ही बंदराची, दोन्ही सिनेमाची, दोन्ही बाहेरून आलेल्या माणसांनी वाढवलेली. पण दोन्हीकडच्या महापौरांत फार साम्य नाही. आपल्याकडे महापौर नगरसेवकांतून निवडला जातो, त्याची मुदत अडीच वर्षांची, आणि कारभाराची सूत्रं राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांच्या हाती. पोलीस तर महापालिकेच्या अखत्यारीतच येत नाहीत. लॉस एंजेलिसचा महापौर थेट जनतेतून येतो, अंदाजपत्रक मांडतो, नगर परिषदेचा ठराव फेटाळू शकतो. हे ऐकलं की तो शहराचा सर्वेसर्वा असावा असा आपला समज होतो. १९२५ सालच्या सनदेने तसं होऊ दिलं नव्हतं. ही सनद म्हणजे त्या शहराची राज्यघटनाच. तिच्यानुसार खाती चालत ती नागरिकांच्या पाच-पाच जणांच्या मंडळांमार्फत. महापौर ही मंडळं नेमणार, परिषद त्यांना मान्यता देणार आणि खातेप्रमुख मंडळाला जबाबदार राहणार, अशी ही लांबची साखळी होती. शाळा स्वतंत्र बोर्डाकडे, आरोग्य आणि समाजकल्याण काउंटीकडे. पंधरा नगरसेवक आपापल्या प्रभागात सुभेदारासारखे.

पोलीसप्रमुखाची गोष्ट तर आणखी निराळी. १९३०च्या दशकात तिथलं महापौर कार्यालय भ्रष्टाचाराने पोखरलेलं होतं. राजकारण्यांनी पोलिसांना हाताशी धरू नये म्हणून १९३७ मध्ये प्रमुखाच्या नोकरीला कायद्याचं भक्कम संरक्षण मिळालं. हेतू चांगलाच होता. पण त्यातून झालं असं की महापौर लोकांच्या मतावर येत-जात राहिले आणि पोलीसप्रमुखाला कोणी हात लावू शकेना. ब्रॅडलींच्या वाट्याला आलेली महापौरकी ही अशी होती.

त्यांचा जन्म २९ डिसेंबर १९१७ चा, टेक्सासमधल्या कॅल्व्हर्ट गावाजवळचा. कुटुंब कापूस वेचत ॲरिझोनामार्गे १९२४ मध्ये लॉस एंजेलिसला पोहोचलं. वडील पुढे घर सोडून गेले. आईने लोकांच्या घरची कामं करून मुलं वाढवली. पॉलिटेक्निक हायस्कूलमध्ये कृष्णवर्णीय मुलं मोजकीच. तिथे हा उंचापुरा मुलगा फुटबॉल आणि ४४० यार्डांच्या शर्यतीत चमकला, आणि खेळाच्याच शिष्यवृत्तीवर १९३७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत गेला. पदवी मात्र पुरी झाली नाही. १९४० मध्ये पोलीसभरतीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्याने पक्की नोकरी पत्करली. मंदीतून नुकत्याच सावरणाऱ्या घरासाठी ते साहजिकच होतं.

त्या पोलीसदलातलं वातावरण चरित्रात बारकाईने वाचण्यासारखं आहे. कृष्णवर्णीय पोलिसाला दोनच नेमणुका मिळत : कृष्णवर्णीय वस्तीतलं न्यूटन स्ट्रीट ठाणं किंवा शहराच्या मध्यभागी वाहतुकीची ड्युटी. गोऱ्या सहकाऱ्याबरोबर एका गाडीत गस्त घालायची नाही. हातात कायदा, कमरेला पिस्तूल. आणि तरी शहरातल्या मोठ्या दुकानात उधारीचं खातं उघडायला गेलं तर नकार. १९५० मध्ये त्यांनी लायमर्ट पार्क भागात घर घेतलं ते एका गोऱ्या मध्यस्थाच्या नावाआडून. कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही असे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्येच दिला होता. मोहल्ल्याला तो अजून पोहोचायचा होता. ड्युटी सांभाळून ब्रॅडली रात्रीच्या वर्गात कायदा शिकले, १९५६ मध्ये वकिलीची सनद मिळवली. लेफ्टनंट झाल्यावर आपल्या हाताखालच्या गाड्यांतून गोरे आणि काळे पोलीस एकत्र पाठवण्याचा त्यांनी प्रयत्न केला; सहकाऱ्यांनी इतका छळ मांडला की तो सोडून द्यावा लागला. वर्षानुवर्षं पोलीसप्रमुख होते विल्यम पार्कर, शिस्तीचे कठोर आणि वर्णभेदाच्या बाबतीत त्याहून कठोर. त्यांच्या कारकिर्दीत आपल्याला याहून वरची पायरी मिळणार नाही हे उमगल्यावर १९६१ मध्ये ब्रॅडलींनी राजीनामा दिला. लेफ्टनंट ही तोवर त्या दलात कृष्णवर्णीय माणसाने गाठलेली सर्वांत वरची पायरी होती.

१९६३ मध्ये ते दहाव्या प्रभागातून नगरसेवक झाले. या प्रभागाची घडण समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. कृष्णवर्णीय कुटुंबं, ज्यू मध्यमवर्ग, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात छावण्यांत कोंडले गेलेले आणि परत येऊन पुन्हा संसार उभे केलेले जपानी वंशाचे लोक, असा तो मिश्र प्रभाग. डेमोक्रॅटिक पक्षाच्या वस्तीपातळीवरच्या क्लबांत ही माणसं एकमेकांच्या दिवाणखान्यांत बसून मोहिमा आखत. ब्रॅडलींचा आघाडीचा राजकारणी म्हणून पिंड तिथे घडला. कृष्णवर्णीय आणि ज्यू मतदारांची ही युती पुढे अमेरिकी राजकारणाच्या अभ्यासाचा विषय झाली. रॅफेल सोनेनशाइन यांचा १९९३ चा ग्रंथ त्यावरच आहे. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ही युती भाषणांनी जुळलेली नव्हती. दहा वर्षं शेजारीपाजारी राहून, एकत्र पत्रकं वाटून ती तयार झाली होती. म्हणूनच ती एका पराभवात मोडली नाही.

तो पराभव १९६९ चा. १९६५ च्या ऑगस्टमध्ये वॉट्स भागात दंगल होऊन ३४ माणसं मेली होती, आणि पोलिसांच्या वागणुकीवर बोट ठेवणाऱ्या नगरसेवकांत ब्रॅडली होते. चार वर्षांनी ते महापौरपदाला उभे राहिले. पहिल्या फेरीत विद्यमान महापौर सॅम यॉर्टी त्यांच्या बरेच मागे पडले. मग दुसऱ्या फेरीसाठी यॉर्टींनी भीतीचा बाजार मांडला : हा माणूस निवडून आला तर पोलीस नोकऱ्या सोडून जातील, शहर जहालांच्या आणि डाव्यांच्या हाती जाईल. एकवीस वर्षं पोलिसाचा गणवेश घातलेल्या माणसाला पोलिसांचा वैरी ठरवण्यात आलं. यॉर्टी जिंकले. ब्रॅडलींनी त्यावर आदळआपट केली नाही. पुढची चार वर्षं ते शहराच्या अशा भागांत फिरत राहिले जिथे त्यांना फक्त भीतीच्या पत्रकांतून ओळखलं जात होतं. १९७३ मध्ये उमेदवार तेच दोघे होते, प्रचारही बराचसा तोच होता. पण या वेळी छप्पन टक्के मतं ब्रॅडलींना पडली. त्यांना शपथ दिली ती निवृत्त सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी, ज्यांच्या न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला होता.

महापौर म्हणून त्यांची कामगिरी चरित्रात सविस्तर आहे. इथे थोडक्यात सांगतो. ज्या मंडळांवर वर्षानुवर्षं पश्चिमेकडच्या सधन गोऱ्या पुरुषांची वर्दळ असे तिथे स्त्रिया, कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई वंशाचे लोक आले. महापालिकेच्या नोकऱ्यांचे दरवाजे उघडले. वॉशिंग्टनकडून शहरांसाठी येणारा निधी खेचून आणण्यात ब्रॅडली पटाईत होते. बंदर वाढलं, पॅसिफिकपारच्या व्यापाराचं नाकं झालं. विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलला आज त्यांचंच नाव आहे. मुंबईहून तिकडे जाणारे आपले कितीतरी लोक त्या नावाखालून बाहेर पडतात. बंकर हिल टेकडीवर उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या ७३ मजली लायब्ररी टॉवरची हकिगत ऐकण्यासारखी आहे. १९८६ च्या एप्रिलमध्ये शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आग लागून सुमारे चार लाख पुस्तकं जळाली. ग्रंथालयाच्या जागेवरचे जादा उंची बांधण्याचे हक्क शेजारच्या विकासकांना विकून, त्या पैशातून जुनी इमारत वाचवण्यात आणि वाढवण्यात आली. चटईक्षेत्राचं राजकारण रोज वाचणाऱ्या आपल्या शहरांनी हा व्यवहार नीट तपासून पाहावा. रेल्वेचं वचन मात्र फार लांबलं. १९७३ च्या प्रचारात दीड वर्षात काम सुरू करू म्हणणाऱ्या महापौरांच्या काळात पहिली गाडी धावली ती १९९० च्या जुलैमध्ये.

ऑलिंपिकवर थोडं थांबायला हवं. १९७६ च्या स्पर्धेने माँट्रियल शहर अशा कर्जात बुडालं की ते फेडायला तीस वर्षं लागली. १९८४ साठी तेहरानने माघार घेतल्यावर लॉस एंजेलिस हे एकटंच इच्छुक शहर उरलं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा नियम असा की तोट्याची जबाबदारी यजमान शहराची. ब्रॅडलींना हे मान्य नव्हतं. १९७८ च्या जुलैमध्ये त्यांनी शहराचा प्रस्तावच मागे घ्यायची तयारी दाखवली, तेव्हा समिती नमली. जोखीम खासगी आयोजन समितीने उचलायची असं ठरलं. त्याच वर्षी मतदारांनी शहराच्या सनदेत दुरुस्ती करून करदात्यांच्या पैशाला कुंपण घातलं. स्पर्धा पार पडली आणि वीस कोटी डॉलरहून जास्त शिल्लक राहिली. आपल्याला त्या स्पर्धेतली ८ ऑगस्टची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत आठवते, पी. टी. उषाचं पदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं ती. ज्या कोलिझियम स्टेडियममध्ये ती धावली ते शहराच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांना लागून आहे. तिथल्या रस्त्यांवर ऑलिंपिकच्या बंदोबस्ताच्या नावाखाली पोलिसांनी टोळ्यांविरुद्ध जी झाडाझडती घेतली, तिची सवय त्यांना पुढेही सुटली नाही.

राज्याचं गव्हर्नरपद त्यांना मिळता मिळता राहिलं. १९८२ च्या निवडणुकीत शेवटपर्यंत बहुतेक अंदाज त्यांच्या बाजूने होते. पाऊण कोटीहून अधिक मतदानात सुमारे ९३ हजार मतांनी ते जॉर्ज ड्युकमेजियन यांच्याकडून हरले. मतदार पाहणी करणाऱ्याला एक सांगतात आणि मतपत्रिकेवर कृष्णवर्णीय उमेदवाराला टाळतात, असा अर्थ त्यातून काढला गेला, आणि ‘ब्रॅडली इफेक्ट’ हे नाव रूढ झालं. २००८ मध्ये ओबामांच्या निवडणुकीच्या वेळी आपल्याही वर्तमानपत्रांत ते झळकलं होतं. एवढी चुरशीची निवडणूक एकाच कारणाने फिरली असं मानायला मी तयार नाही. टपाली मतांची मोहीम विरोधकांनी जोरात राबवली होती, आणि बंदूक नियंत्रणाचा प्रस्ताव त्याच मतपत्रिकेवर असल्याने ग्रामीण भागातले विरोधक मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडले होते. वर्ण हे एक कारण होतंच, ते किती मोठं यावर अभ्यासक अजून भांडतात.

ऐंशीच्या दशकाची दुसरी बाजू चरित्रकाराने झाकलेली नाही याचं मला समाधान आहे. फायरस्टोन, गुडइयर, जनरल मोटर्स, बेथलहेम स्टील : दक्षिण लॉस एंजेलिस आणि आसपासच्या या कारखान्यांना दोन-चार वर्षांत टाळं लागलं. कृष्णवर्णीय कामगाराला घर आणि मोटार देणारी नोकरी गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही. १९७८ मध्ये राज्यातल्या मतदारांनी मालमत्ता कर छाटला होता. पुढे रेगन सरकारने शहरांचा निधी आखडता घेतला. शहराचा मध्यभाग वर चढत राहिला, दक्षिणेकडे दुकानांच्या फळ्या बंद होत गेल्या. माइक डेव्हिस यांच्यासारख्या लेखकांनी ब्रॅडलींवर केलेल्या टीकेचा रोख हाच आहे, आणि तो बराचसा खरा आहे. गुंतवणूकदारांची मर्जी राखण्यात महापौरांचा जेवढा वेळ गेला तेवढा ज्यांनी त्यांना निवडून आणलं त्यांच्या वस्त्यांसाठी गेला नाही. समुद्रकाठच्या तेलविहिरींना परवानगी देऊन त्यांनी जुने पर्यावरणवादी मित्रही दुखावले. १९८९ मध्ये, शहराच्या ठेवी मिळवणाऱ्या एका बँकेकडून त्यांनी सल्लागार म्हणून पैसे घेतल्याचं उघड झालं. फौजदारी खटला झाला नाही, पण सचोटी हीच ज्यांची पुंजी होती त्यांच्या नावाला तो डाग लागला.

आता पोलीस. १९७८ मध्ये डॅरिल गेट्स सेवानियमांप्रमाणे परीक्षा देऊन प्रमुख झाले. महापौरांच्या हाती होतं ते पाच जणांचं पोलीस मंडळ, आणि मंडळाच्या हाती होत्या सूचना. गळा आवळण्याची पकड, घरांच्या भिंती फोडणारं चिलखती वाहन, एका आठवड्याअखेरीस हजाराहून अधिक तरुणांची धरपकड, अशी प्रत्येक वेळी ठिणगी उडे, आणि गेट्स जागच्या जागी. ३ मार्च १९९१ च्या रात्री काही पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला खाली पाडून दंडुक्यांनी बदडलं. समोरच्या इमारतीतल्या एका रहिवाशाने बाल्कनीतून ते चित्रित केलं आणि जगाने पाहिलं. वकील वॉरन ख्रिस्तोफर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. गस्तीच्या गाड्यांतून पोलीस एकमेकांना पाठवत असलेले वंशद्वेषी संदेश त्याने अहवालात जसेच्या तसे छापले. ब्रॅडलींनी गेट्स यांचा राजीनामा मागितला. मंडळाने गेट्सना रजेवर पाठवलं. परिषद गेट्स यांच्या बाजूने उभी राहिली, आणि न्यायालयाच्या आदेशाने ते पुन्हा खुर्चीत बसले. त्यानंतर महापौर आणि पोलीसप्रमुख वर्षाहून अधिक काळ एकमेकांशी बोललेच नाहीत.

२९ एप्रिल १९९२ च्या दुपारी सिमी व्हॅलीतल्या ज्युरीने किंग मारहाणीच्या खटल्यातल्या पोलिसांना निर्दोष सोडलं. त्या संध्याकाळी ब्रॅडली फर्स्ट एएमई चर्चमध्ये संतापलेल्या समुदायासमोर उभे होते. फ्लॉरेन्स आणि नॉर्मंडी रस्त्यांच्या चौकातून पोलीस माघारी फिरले होते आणि जमाव वाटसरूंना गाड्यांतून ओढून मारत होता. गेट्स त्या वेळी दूर पश्चिमेला, ब्रेंटवूडमध्ये, एका निधीसंकलनाच्या कार्यक्रमाला गेलेले. तो निधी पोलीसप्रमुखाचं संरक्षण काढून घेणाऱ्या सनददुरुस्तीच्या विरोधातल्या प्रचारासाठी होता. पुढच्या काही दिवसांत पन्नासहून अधिक माणसं मेली, शंभर कोटी डॉलरच्या घरातलं नुकसान झालं. कोरियन कुटुंबांची दुकानं राख झाली. २ जूनला मतदारांनी ती दुरुस्ती भरघोस मतांनी मंजूर केली : पोलीसप्रमुखाला पाच वर्षांची मुदत, फार तर दोनदा. महिन्याच्या अखेरीस फिलाडेल्फियाहून आलेले विली विल्यम्स प्रमुख झाले, त्या दलाचे पहिले कृष्णवर्णीय प्रमुख.

इथे माझा ब्रॅडलींशी मतभेद आहे, आणि त्यांच्याबद्दल मनात मोठा आदर असूनही तो नोंदवायला हवा. सनद हा अडथळा खरा. पण सनद बदलता येते हे त्यांना १९७८ पासून ठाऊक होतं. ऑलिंपिकच्या पैशासाठी ती एका वर्षात बदलली. पोलीसप्रमुखासाठी चौदा वर्षं गेली. ऐंशीच्या दशकात, दोन तृतीयांश मतांनी निवडून येत असताना, हा प्रश्न घेऊन ते मतदारांसमोर उभे राहिले असते तर? मला वाटतं, १९६९ त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. पोलिसांचा वैरी हा शिक्का पुन्हा बसला तर सॅन फर्नांडो खोऱ्यातली गोरी मतं जातील, युती फुटेल आणि बाकीची कामंही थांबतील, हा त्यांचा हिशेब असावा. तो हिशेब चुकीचा होता असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्याची किंमत मात्र ज्यांनी मोजली ते दक्षिण लॉस एंजेलिसचे लोक होते, आणि हे चरित्रात अधिक ठळकपणे यायला हवं होतं.

१९९२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी पुन्हा उभं न राहण्याचं जाहीर केलं. १९९६ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, पाठोपाठ पक्षाघाताने वाचा गेली. २९ सप्टेंबर १९९८ रोजी ते वारले. पुढच्याच वर्षी मतदारांनी १९२५ ची सनद मोडीत काढून नवी मंजूर केली, आणि खातेप्रमुखांना दूर करण्याचे जे अधिकार ब्रॅडलींना वीस वर्षं मिळाले नाहीत ते त्यांच्यानंतरच्या महापौरांना मिळाले. त्यांच्या कारकिर्दीची कागदपत्रं ज्या विद्यापीठातून ते पदवीविना बाहेर पडले त्याच्याच ग्रंथालयात ठेवलेली आहेत. नगरप्रशासन शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपैकी कोणी तिथपर्यंत पोहोचलं, तर त्यांनी ऑलिंपिकच्या फायली नंतर पाहाव्यात. पोलीस मंडळाशी झालेला पत्रव्यवहार आधी काढावा.